निलंबनाच्या आदेशाआधी

३१ जानेवारी २०२१ हा पोलिओचा रविवार होता. यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातील कापसी-कोपरी या गावी पाच वर्षांखालच्या १२ बालकांना पोलिओच्या थेंबांऐवजी सॅनिटायझर पाजले गेले. उलट्या सुरू झाल्या, मुलांना यवतमाळच्या शासकीय रुग्णालयात हलवले आणि सुदैवाने सगळी बरी होऊन घरी परतली. बूथवरच्या तीन कर्मचाऱ्यांवर कारवाईचे आदेश निघाले. बातमी देशभर गेली, दोन-चार दिवस गाजली आणि विरली.

पोलिओची कुपी ज्यांनी हाताळली आहे त्यांच्या मनात या बातमीने वेगळाच प्रश्न उभा राहतो. ती कुपी बोटाएवढी असते. तिच्यावर उष्णतेने काळवंडणारा एक छोटा चौकोन असतो आणि तो पाहिल्याशिवाय थेंब द्यायचा नाही, हे प्रशिक्षणात घोकून घेतात. मग तो चौकोन बघणे राहिले कसे? त्या टेबलावर काय काय मांडले होते? कोविडच्या दिवसांत प्रत्येक बूथवर सॅनिटायझर ठेवायचेच होते. ते कोणत्या बाटलीत होते, कोणी भरले, कोणी दिले? कारवाईच्या आदेशात हे प्रश्न मावत नाहीत. तिथे नाव आणि हुद्दा मावतो.

धाराशिव जिल्ह्यातल्या स्टाफ नर्स, एएनएम, परिसेविका आणि अधिसेविका यांच्यासाठी तयार झालेल्या या पुस्तिकेचा विषय एका ओळीत सांगता येतो. हातून गंभीर चूक घडलेल्या सिस्टरच्या शेजारी पहिल्या तासात कोण बसणार? हा विषय अनेकांना कनवाळूपणाचा वाटेल. चूक करणाऱ्याचे लाड कशाला, असेही कोणी म्हणेल. माझ्या लेखी हा आधी रुग्णाच्या जिवाचा प्रश्न आहे, सिस्टरच्या मनाचा त्यानंतरचा. का, ते एका औषधावरून सांगतो.

गरोदर बाईचा रक्तदाब वाढून झटके येऊ लागले की मॅग्नेशियम सल्फेट देतात. वॉर्डात त्याला मॅगसल्फ म्हणतात. पन्नास टक्क्यांच्या, दोन मिलिलिटरच्या एका अँप्यूलमध्ये एक ग्रॅम औषध असते. सुरुवातीचा पूर्ण डोस म्हणजे चार ग्रॅम शिरेतून आणि दहा ग्रॅम स्नायूत. एकूण १४ अँप्यूल फोडायच्या. चार पातळ करून सावकाश शिरेतून द्यायच्या, उरलेल्या दहा तशाच, निम्म्या एका कुल्ल्यात आणि निम्म्या दुसऱ्यात. हे सगळे रात्री अडीचला, बाईला झटके येत असताना, नातेवाईक दारात गोळा झालेले असताना आणि शेजारच्या टेबलावर दुसरी बाळंत होत असताना. उपकेंद्रातल्या एएनएमलाही स्नायूतला दहा ग्रॅमचा पहिला डोस देऊन मगच पुढे पाठवायला शिकवलेले असते. डोस जास्त झाला, किंवा पातळ करायचे राहून औषध तसेच शिरेत गेले, तर आधी गुडघ्याची उसळी जाते, मग श्वास मंदावतो, मग थांबतो. याला उतारा आहे: दहा टक्क्यांचे कॅल्शियम ग्लुकोनेट, दहा मिलिलिटर, सावकाश. औषध साधे आहे, स्वस्त आहे, त्याच ट्रेमध्ये असायला हवे. पण ते द्यायचे हे ठरण्यासाठी आधी कोणीतरी म्हणावे लागते, ‘डॉक्टर, माझ्याकडून जास्त गेलंय.’ आणि ते त्या क्षणी एकाच माणसाला ठाऊक असते.

ती सिस्टर ते किती सेकंदांत बोलते यावर बाईचा जीव आहे. तिच्या घशाशी आलेले वाक्य कशामुळे अडते, हे ओळखायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. मागच्या वेळी जिने खरे सांगितले तिचे काय झाले हे तिने पाहिलेले असते. निलंबनातून वॉर्डातल्या बाकीच्या सिस्टर धडा घेतात यात शंका नाही. फक्त आदेश काढणाऱ्याला जो धडा अपेक्षित असतो तो त्या घेत नाहीत. त्या गप्प राहायला शिकतात.

चुका घडतात त्या जागाही बहुतेक ठरलेल्या आहेत. आपल्याकडे इन्शुलिनच्या बहुतेक बाटल्यांत एका मिलिलिटरला ४० युनिट असतात, पेनमध्ये १००. सिरिंजही दोन प्रकारच्या, लाल टोपणाची ४० साठी आणि नारिंगी १०० साठी. घाईत शंभरचे औषध चाळीसच्या सिरिंजने ओढले तर अडीचपट डोस जातो. पोटॅशियम क्लोराईडची अँप्यूल दहा मिलिलिटरची, आत पाण्यासारखे स्वच्छ द्रव. डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलशेजारी ती ठेवली तर पहाटे चार वाजता दोन्ही एकच दिसतात, आणि पातळ न केलेले पोटॅशियम शिरेत गेले तर हृदय थांबते. ती अँप्यूल वॉर्डातून काढून वेगळ्या कुलपात ठेवणे हा जगभर मान्य झालेला उपाय आहे. त्याला पैसेही लागत नाहीत.

सप्टेंबर २०२१ मध्ये ठाण्यात कळव्याच्या एका आरोग्य केंद्रात कोविडची लस घ्यायला आलेल्या माणसाला रेबीजची लस दिली गेली. तो चुकीच्या रांगेत उभा राहिला होता आणि केसपेपर पाहिला गेला नाही. परिचारिका निलंबित झाली. केसपेपर पाहायला हवा होता, यात दुमत नाही. पण एकाच छताखाली दोन लसींच्या रांगा लावणाऱ्याने कोणाला कोणता खुलासा दिला, हे कुठे छापून आले असेल तर माझ्या वाचनात नाही.

भारतीय परिचर्या परिषदेचा निकष सांगतो की सर्वसाधारण रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी, अध्यापन रुग्णालयात तिघांमागे एक. धाराशिवला २०२२-२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आणि जिल्हा रुग्णालय त्याला जोडले गेले, म्हणजे कागदावर निकष पाचावरून तिनावर आला. आज रात्री आपल्या वॉर्डात खाटा किती आणि सिस्टर किती, हे ज्या त्या वाचणारीने स्वतःच मोजावे. मी आकडा देत नाही. तो रोज रात्री बदलतो आणि फारसा चांगल्या दिशेने बदलत नाही.

या जिल्ह्याची काही खास अडचण आहे. नीती आयोगाने २०१८ मध्ये आकांक्षित जिल्हे निवडले तेव्हा महाराष्ट्रातल्या चारांत तेव्हाचा उस्मानाबाद होता. आठ तालुके, मोठे हॉस्पिटल म्हटले की सोलापूर किंवा लातूर. उमरगा सोलापूर-हैदराबाद महामार्गावर, तिथे अपघात येतात. तुळजापूरला नवरात्रात लाखोंची गर्दी. परंडा, भूम, वाशी, लोहारा इथली एएनएम अनेकदा गावातच, उपकेंद्राच्या क्वार्टरमध्ये राहते. मुंबई-पुण्याच्या सिस्टरच्या हातून चूक झाली तर ती लोकल पकडून गर्दीत मिसळते. इथल्या उपकेंद्रातल्या सिस्टरला दुसऱ्या दिवशी त्याच हातपंपावर पाणी भरायचे असते, त्याच घरासमोरून. तिच्या मुलाला शाळेत विचारतात. कोणीतरी मोबाइलवर घेतलेला वॉर्डातला आरडाओरडा संध्याकाळपर्यंत तालुक्यातल्या प्रत्येक ग्रुपवर पोचतो. नवरा म्हणतो, नोकरी सोड. सासू काहीच म्हणत नाही, तेही जडच जाते. परदेशातल्या कोणत्याही मॉडेलमध्ये या गावाची तजवीज नाही; ती आपल्यालाच करावी लागणार आहे.

दोष वरून खाली कसा घरंगळतो, याची दोन उदाहरणे राज्याला पाठ असायला हवीत. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात अर्भकांच्या कक्षाला आग लागली. १७ बाळांपैकी दहा गेली, सात वाचवता आली. त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला अहमदनगरच्या जिल्हा रुग्णालयाचा कोविड अतिदक्षता विभाग पेटला, ११ रुग्ण दगावले. या औषधाच्या चुका नव्हत्या, आगी होत्या, आणि दोन्हीकडे इमारतीच्या अग्निसुरक्षेवरच प्रश्न उभे राहिले. भंडाऱ्यात जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले, तर कंत्राटी परिचारिकांच्या सेवाच संपवल्या गेल्या आणि पुढे दोन परिचारिकांवर गुन्हा दाखल झाला. नगरमध्ये काही दिवसांत अटक झाली ती एका महिला वैद्यकीय अधिकाऱ्याला आणि तीन परिचारिकांना. कक्षातून उठून जाणे हा कसूर असू शकतो आणि त्याची चौकशी व्हावी. पण वायरिंग ज्यांच्या सहीने झाले ते तेव्हा तुरुंगाच्या वाटेवर नव्हते.

भंडाऱ्यातली ‘निलंबित’ आणि ‘सेवासमाप्त’ यांतली दरी नीट पाहावी. राज्य शासनाच्या कायम सेवेतल्या सिस्टरला १९७९ चे शिस्त व अपील नियम लागू असतात. निलंबनात निर्वाह भत्ता मिळतो, दोषारोपपत्र मिळते, बाजू मांडता येते. पोलीस कोठडीत ४८ तासांपेक्षा जास्त राहिली तर ती आपोआप निलंबित मानली जाते, पण नोकरी संपत नाही. राष्ट्रीय आरोग्य अभियानातल्या, अकरा-अकरा महिन्यांच्या करारावरच्या सिस्टरला यातले जवळजवळ काही नाही. तिच्या बाबतीत एक ओळीचे पत्र पुरते. दोघी एकाच ट्रेमधून इंजेक्शन भरतात, एकाच रजिस्टरवर सही करतात. जिला गमवायला सर्वांत जास्त आहे तिनेच सर्वांत आधी खरे बोलावे, अशी आपली अपेक्षा असते.

आधार न मिळाल्यास काय होते, याची सर्वांत दुःखद नोंद अमेरिकेतली आहे. सिअ‍ॅटलच्या बालरुग्णालयात सुमारे पाव शतक काम केलेल्या किंबर्ली हायट यांनी सप्टेंबर २०१० मध्ये एका गंभीर आजारी बाळाला कॅल्शियम क्लोराईडचा डोस दहापट दिला. हिशेबात दशांश सरकला. त्यांनी स्वतः, तात्काळ, सगळ्यांना सांगितले. बाळ पाच दिवसांनी गेले. त्याचा मृत्यू त्या डोसने झाला की मूळ आजाराने, हे स्पष्ट झाले नाही. हायट यांना रुग्णालयाने काढून टाकले. परवाना टिकवण्यासाठी त्यांनी दंड आणि चार वर्षांची देखरेख मान्य केली, पण नोकरी मिळेना. एप्रिल २०११ मध्ये त्यांनी आयुष्य संपवले. डॉक्टर अल्बर्ट वू यांनी २००० मध्येच लिहून ठेवले होते की अशा प्रसंगी रुग्णाबरोबर उपचार करणाराही जखमी होतो आणि त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

मिसुरी विद्यापीठाच्या रुग्णालयात सुझन स्कॉट या परिचारिकेने याच काळात आधाराची एक पद्धत बसवली. तिचे म्हणणे साधे आहे. चूक घडलेल्यांपैकी सुमारे ६० टक्क्यांना आपल्याच वॉर्डातल्या समजूतदार सहकाऱ्याचा आधार पुरतो, ३० टक्क्यांना थोडे प्रशिक्षण घेतलेला सोबती लागतो आणि फक्त दहा टक्क्यांना समुपदेशक किंवा मानसोपचारतज्ज्ञ. हे वाचल्यावर मला धाराशिवच आठवले. २०१५ मध्ये शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर राज्याने बळीराजा चेतना अभियान सुरू केले ते यवतमाळ आणि उस्मानाबाद या दोन जिल्ह्यांत. त्याच सुमारास विदर्भ-मराठवाड्यात प्रेरणा प्रकल्प आला आणि आशा घरोघरी जाऊन विचारू लागल्या: झोप लागते का, जेवण जाते का, कशात मन लागत नाही असे होते का. अणदूरच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने तर त्याआधीपासून गावातल्या बायकांना ‘भारतवैद्य’ म्हणून उभे केले, आणि मोठ्या पदवीशिवायही माणूस माणसाला सावरू शकतो हे डॉ. शशिकांत अहंकारी यांनी याच मातीत दाखवले. म्हणजे खचलेल्या माणसाला काय विचारायचे हे या जिल्ह्याला येते. जी आशा, जी सिस्टर हे प्रश्न दुसऱ्यांना विचारते, तिला ते कोणी विचारायचे, एवढेच ठरवायचे राहिले आहे.

पुढच्या पानांत त्याचे तपशील आहेत. मला त्यातले सर्वांत पटलेले असे: घटना घडली की रुग्णाची जबाबदारी दुसऱ्या सिस्टरने घ्यावी आणि ज्येष्ठ परिसेविकेने चूक घडलेल्या सिस्टरला बाजूच्या खोलीत न्यावे. शिक्षा म्हणून नव्हे. हात थरथरत असताना पुढच्या रुग्णाला सलाईन लावायला नको म्हणून. ‘असं कसं गं केलंस?’ हा प्रश्न त्या रात्री विचारायचा नाही. ‘पेशंटकडे आम्ही बघतोय, तू बस. घरून कोणाला बोलावू?’ एवढे पुरे. काय दिले, किती, केव्हा, ही नोंद लगेच आणि खरी व्हावी, कारण रुग्णाला ती हवी आहे. पण लांबलचक खुलासा त्याच रात्री, नातेवाइकांच्या आरडाओरड्यात लिहून घेऊ नये. तिला एकटीला स्कूटीवर घरी पाठवू नये. दुसऱ्या दिवशी फोन करावा, आणि तिसऱ्या आठवड्यातही करावा, कारण कारणे दाखवा नोटीस साधारण तेव्हा येते आणि तोवर चौकशी करणारे सगळे पांगलेले असतात. ती कामावर परतेल तेव्हा पहिले काही दिवस इंजेक्शन भरताना कोणी शेजारी उभे असावे, पहाऱ्यासाठी नव्हे, दोघींनी मोजण्यासाठी. तसे तर जोखमीची औषधे दोघींनी मोजूनच द्यायला हवीत. रात्री दुसरी असते कुठे, हा प्रश्न आहेच.

ज्या घरातले माणूस गेले, त्यांना हे सगळे वाचून राग येईल. यावा. भूमच्या एखाद्या बापाला, ज्याची मुलगी बाळंतपणाला गेली आणि परत आली नाही, सिस्टरच्या झोपेची काळजी का वाटावी? त्याला काय झाले ते कळायला हवे, समोर बसून, जबाबदार अधिकाऱ्याकडून, गोलमाल न करता. भरपाई मिळायला हवी. आणि पुन्हा होऊ नये म्हणून काय बदलले हे दाखवायला हवे. सिस्टरला आधार देण्याने यातले काहीही कमी होत नाही. उलट खरी हकीकत सांगू शकणारी साक्षीदार जिवंत आणि बोलती राहते. पुस्तिका सगळ्याला माफी द्या म्हणत नाही. दारू पिऊन ड्युटीवर येणे, पेशंट सोडून निघून जाणे, नोंदीत खाडाखोड करणे यांना ती चूक मानत नाही, आणि मलाही तसेच वाटते. नोंद बदलणाऱ्याला सवलत दिली तर खरे सांगणाऱ्या सिस्टरचाच तो अपमान आहे.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वॉर्डाच्या आवाक्याबाहेरची आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. जुन्या कलम ३०४-अ मध्ये निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास कोणालाही जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा होती. नव्या कलम १०६ मध्ये ती पाच वर्षे झाली. उपचार करताना नोंदणीकृत वैद्यकीय व्यवसायीकडून असे घडले तर मात्र दोनच. ही सवलत राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या कायद्यानुसार पात्रता आणि नोंदणी असलेल्यांना, म्हणजे डॉक्टरांना आहे. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदलेली सिस्टर तिच्यात बसत नाही. एकच रुग्ण, एकच चुकीचे इंजेक्शन. लिहून देणाऱ्याला दोन वर्षांची मर्यादा, टोचणारीला पाचाची. २००५ च्या जेकब मॅथ्यू निकालात सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांना सरसकट अटक करू नये, आधी तज्ज्ञाचे मत घ्यावे असे बजावले, तेही डॉक्टरांबद्दल. अशीच तफावत इंग्लंडमध्ये दिसली. लेस्टरला २०११ मध्ये झालेल्या एका सहा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूबद्दल डॉक्टर हदिझा बावा-गर्बा आणि परिचारिका इझाबेल अमारो दोघी दोषी ठरल्या. डॉक्टरसाठी देशभर चळवळ झाली, २०१८ मध्ये त्या नोंदवहीत परत आल्या. अमारो यांचे नाव २०१६ मध्येच खोडले गेले होते. त्यांच्यासाठी तशी चळवळ उभी राहिली नाही. राज्यातल्या परिचारिकांनी २०२२ मध्ये बाह्यस्रोत भरतीविरुद्ध संप केला, तेव्हा त्यांची एकजूट दिसली. वेतन आणि पदोन्नतीच्या शेजारी कलम १०६ ही मागणीही तितक्याच आवाजात यायला हवी. संसदेतच सुटेल असा हा प्रश्न आहे. त्यासाठी धाराशिवच्या अधिसेविकेकडे पाहण्यात अर्थ नाही.

तिच्याकडून एक छोटी अपेक्षा आहे. ही पुस्तिका कार्यालयाच्या कुलूपबंद कपाटात ‘अभिलेख’ म्हणून ठेवू नये. इमर्जन्सी ट्रेशेजारी, जिथे कॅल्शियम ग्लुकोनेट असते, तिथे तिची एक प्रत असावी. उपकेंद्रात ती एएनएमच्या पिशवीत असावी. मागच्या पानावर मानसिक आधाराच्या टेलिमानस हेल्पलाइनचा क्रमांक छापला आहे, १४४१६. तो चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येते आणि फोन करणारीला आपले नाव सांगावे लागत नाही. त्याखाली एक ओळ कोरी ठेवली आहे. आपल्या रुग्णालयातल्या ज्या ज्येष्ठ सिस्टरला रात्री कधीही फोन केलेला चालतो, तिचे नाव आणि नंबर तिथे लिहायचा आहे. तो तिला विचारून लिहावा.